लक्ष्मी गेटच्या दगडाचे एकवीस आकडे

झाशीच्या लक्ष्मी गेटमधून बाहेर पडणारा रस्ता लक्ष्मी तलावाकडे आणि महालक्ष्मीच्या देवळाकडे जातो. महालक्ष्मी ही झाशीच्या नेवाळकर राजघराण्याची कुलदेवता. तलावाजवळच गंगाधररावांची समाधी आहे. मराठी माणूस झाशीला गेला की किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो आणि वेळ उरला तर इथवर येतो. इथला राजघराण्याचा इतिहास आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ज्या दगडाने हे शहर तटबंद केले त्या दगडाचाही एक इतिहास आहे, आणि त्यातली मोठी भांडणे गेल्या दोनशे वर्षांत पॅरिस, केंब्रिज, गटिंगेन, बंगळूर आणि आंध्र विद्यापीठात झाली. प्रश्न साधा होता. दगडावर भार टाकला की तो किती दबतो, आणि भार काढला की पुन्हा जागेवर येतो तो कोणत्या हिशेबाने? हा हिशेब मांडायला किती आकडे लागतात, यावरच पंडितांची तीन पिढ्या जुंपली होती.

आधी तटाविषयी. १७२९ मध्ये बाजीरावाने महंमदखान बंगशाच्या कचाट्यातून छत्रसालाला सोडवले. छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्याला दिला, त्यात पन्न्याच्या हिऱ्यांच्या खाणींतला वाटाही आला. झाशी मराठ्यांकडे आली ती या व्यवहारातून. पुढे नारोशंकराने किल्ला वाढवला आणि किल्ल्याखाली शहर वसवले. शहराभोवतीचा तट शिवरावभाऊंच्या कारकिर्दीत, १७९६ ते १८१४ या काळात उभा राहिला. त्याला दरवाजे ठेवले: खंडेराव, दतिया, उन्नाव, ओरछा, बडागाव, लक्ष्मी, सागर, सैंयर, भांडेर, झिरना. दगड लांबून आणायची गरज नव्हती. झाशीचे पठारच ग्रॅनाइटचे आहे, किल्लाही ग्रॅनाइटच्याच टेकडीवर बसला आहे.

हा बुंदेलखंडी ग्रॅनाइट सुमारे अडीच अब्ज वर्षांचा. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे अगदी कालचा. आपल्याकडच्या गडकिल्ल्यांचा दगड डोळ्यांना एकसारखा काळा दिसतो. झाशीचा दगड जवळून पाहिला तर तसा नाही. त्यात गुलाबी, बोटाच्या पेरापर्यंत मोठे होऊ शकणारे दाणे दिसतात, ते फेल्डस्पार. त्यांच्या सपाट फुटलेल्या बाजूवर ऊन पडले की ती बाजू आरशासारखी चमकते आणि मान जराशी हलवली की विझते. मधल्या जागा राखाडी, काचेसारख्या गारगोटीने, म्हणजे क्वार्ट्झने भरलेल्या असतात. काळे ठिपके अभ्रकाचे किंवा हॉर्नब्लेंडचे. या दाण्यांपैकी प्रत्येक दाणा हा एक स्फटिक आहे. त्याच्या आत अणू ठराविक अंतरावर, ठराविक कोनात, कोट्यवधी वेळा तीच मांडणी गिरवत बसलेले आहेत. दगडाचे बळ त्या मांडणीत आहे.

मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोझ झाशीपुढे येऊन ठेपला आणि २५ तारखेपासून त्याच्या तोफा धडाडू लागल्या. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरात अडकले होते. पडलेली खिंडारे रात्री गवंडी कशी भरून काढत, हे त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आले आहे. तोफांवर आणि तटावर बायकाही राबत होत्या, हे शत्रूनेही नोंदवले. १ एप्रिलला बेतवेच्या काठी तात्या टोप्यांचा पराभव झाला आणि ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. तोफगोळ्याने तट फुटणे ही दगड तुटण्याची गोष्ट. स्थितिस्थापकता, म्हणजे भार काढल्यावर पुन्हा जागेवर येण्याचा गुण, ही तुटण्याच्या अलीकडची गोष्ट आहे: गोळा बसला की फुटण्याआधी दगडातून एक लहर धावते, अखंड ग्रॅनाइटमध्ये सेकंदाला पाचसहा किलोमीटरच्या वेगाने, आणि तिचा वेग ठरतो तो दगड किती ताठ आणि किती जड यावर. भार नुसता उभा असला तरी दगड दबतोच. एकसंध ग्रॅनाइटची १० मीटर उंच भिंत स्वतःच्या वजनाने सुमारे २२ मायक्रॉन बसते. माणसाच्या केसाची जाडी याच्या तिप्पट असते. डोळ्याला कधीही न दिसणारे हे बसणे मोजता येते, आणि आता भिंत न पाहता, दगड हातात न घेता, कागदावरून काढताही येते. ही दुसरी गोष्ट शक्य व्हायला मोठा काळ गेला.

रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये जाहीर केलेला नियम शाळेत सगळे शिकतात: जितका ताण तितकी वाढ. स्प्रिंगला एक आकडा पुरतो. स्फटिकाला पुरत नाही, कारण त्याला दिशा आहेत. एका बाजूने दाबला तर तो एका हिशेबाने दबतो, दुसऱ्या बाजूने दाबला तर वेगळ्या हिशेबाने, आणि तिरके ढकलले तर तिसऱ्याच. कोणत्याही घन पदार्थाला सहा मूळ तऱ्हांनी बिघडवता येते: तीन दिशांनी लांबवणे-दाबणे आणि तीन पातळ्यांत तिरके सरकवणे. अशा प्रत्येक बिघाडाला, म्हणजे विकृतीला, सहा प्रकारचे प्रतिबल, म्हणजे आतून उलटा येणारा जोर, उभे राहू शकते. सहा सक छत्तीस. हा सहा गुणिले सहाचा तक्ता म्हणजे स्फटिकाच्या स्थितिस्थापकतेची संपूर्ण कुंडली.

पण छत्तीसही आकडे स्वतंत्र आहेत का? १८२० च्या दशकात पॅरिसमध्ये नाविये, कोशी आणि प्वासों यांनी घन पदार्थ म्हणजे अणूंची गर्दी, आणि कोणतेही दोन अणू एकमेकांना जोडणाऱ्या सरळ रेषेतच ओढतात किंवा ढकलतात, असे धरून गणित मांडले. त्यातून अतिशय नीटस उत्तर आले: कितीही वेड्यावाकड्या स्फटिकाला १५ आकडे पुरेत. काचेसारख्या, सगळ्या दिशांना सारख्या असणाऱ्या पदार्थाला तर एकच.

याला उत्तर आले इंग्लंडमधल्या एका गिरणीवाल्याकडून. जॉर्ज ग्रीन हा नॉटिंगहॅमजवळच्या पवनचक्कीचा मालक. शाळा जेमतेम झालेली, गणित स्वतःचे स्वतः शिकलेला. चाळिशीत केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. डिसेंबर १८३७ मध्ये वाचल्या गेलेल्या त्याच्या निबंधात अणूंच्या स्वभावाविषयी त्याने काहीच गृहीत धरले नाही. त्याचे म्हणणे एवढेच की दाबलेल्या पदार्थात ऊर्जा साठते, आणि ती ऊर्जा कोणत्या वाटेने साठवली यावर अवलंबून नसते. एवढ्या एका तत्त्वाने छत्तीसचा तक्ता कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखा होतो आणि २१ आकडे स्वतंत्र उरतात. काचेला दोन.

पंधरा की एकवीस? झाशीच्या तटावर गोळे पडत होते त्या वर्षीही युरोपात हा निकाल लागलेला नव्हता. फ्रान्समध्ये सें-व्हनाँसारखा मातब्बर अभियंता पंधराच्या बाजूने उभा होता. त्यांची बाजू हट्टाची म्हणून सोडून देता येत नाही. त्यांच्याकडे एक चित्र होते, पदार्थ अणूंचा बनलेला असल्याचे. ग्रीनकडे चित्र नव्हते, नुसते तत्त्व होते. पुढच्या शंभर वर्षांत अणू खरे ठरले, पण आकडे मात्र ग्रीनचे खरे ठरले. विज्ञानाच्या इतिहासात मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो: खऱ्या वस्तूवर विश्वास ठेवूनही तिचा स्वभाव चुकीचा समजला जाऊ शकतो.

निकाल दिला तो वोल्डेमार फोग्ट याने. १८८३ पासून तो गटिंगेनला प्राध्यापक होता. खनिजांच्या निर्दोष स्फटिकांतून ठरलेल्या दिशांनी पातळ पट्ट्या कापायच्या, त्या वाकवायच्या, पिळायच्या आणि किती वाकल्या ते मोजायचे. काम कमालीचे चिकाटीचे, कारण चांगले स्फटिक लहान असतात आणि पट्टी एक अंशाने तिरकी कापली गेली तरी आकडा बदलतो. बेरिल, क्वार्ट्झ, पुष्कराज, सैंधव अशा एकेका स्फटिकाचे तक्ते त्याने उभे केले. सैंधवात पॅरिसवाल्यांची अट जवळजवळ पाळली जाते: त्यांच्या मते जे दोन आकडे सारखे यायला हवेत ते आज मोजले तरी १२.५ गिगापास्कलच्या (ताठपणा मोजायचे एकक) आसपास जोडीने येतात. इतर बहुतेक खनिजांत ती अट साफ मोडते. म्हणजे सोडियम आणि क्लोरिन सरळ रेषेत ओढाओढी करतात हे बरोबर. पण सगळेच अणू तसे वागत नाहीत. काहींच्या बंधाला दिशा असते, कोन असतो, आणि तो कोन बदलायलाही जोर लागतो. १९१० मध्ये फोग्टने स्फटिकांच्या भौतिकीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. आजही हा सहा गुणिले सहाचा तक्ता त्याच्याच पद्धतीने लिहितात.

एकाच स्फटिकाचे आकडे मिळाले म्हणजे दगडाचे मिळाले असे नाही. दगडात दाणे वाटेल त्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. सगळे दाणे सारखेच दबले असे धरून फोग्टने सरासरी काढली. १९२९ मध्ये रॉयस याने उलट धरले, सगळ्यांवर जोर सारखा पडतो. १९५२ मध्ये रॉडनी हिल याने दाखवले की पहिली सरासरी ही वरची मर्यादा, दुसरी खालची, आणि खरा दगड या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. आजही अभियंते या दोहोंची मधली किंमत घेऊन काम भागवतात.

आता भारताकडे येऊ, आणि हिऱ्याकडेही. स्फटिकात अणू कसे थरथरतात याचे गणित मॅक्स बॉर्न याने १९१२ मध्ये थिओडोर फॉन कार्मानबरोबर सुरू केले होते. स्थितिस्थापकता ही त्याच थरथरीची संथ बाजू. हिटलर सत्तेवर आल्यावर बॉर्नला गटिंगेन सोडावे लागले, आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत बोलावले. १९३५-३६ मध्ये ते काही महिने तिथे होते. रामन त्यांना कायमचे ठेवून घेऊ पाहत होते. संस्थेतल्या विरोधामुळे ते जमले नाही, आणि बॉर्न एडिनबरोला गेले. हा माणूस भारतात राहिला असता तर इथल्या भौतिकीचे रूप काय झाले असते, हा विचार चुटपुट लावतो. पुढे रामन आणि बॉर्न यांचे स्फटिकांच्या कंपनांवरून जाहीर वाजले. वादाच्या केंद्रस्थानी होता हिरा. रामन यांना हिऱ्याचे वेड होते आणि त्यांच्या प्रयोगांत पन्न्याचे हिरेही होते, बुंदेलखंडाच्याच मातीतले.

हिऱ्याचे स्थितिस्थापक आकडे पहिल्यांदा मोजले गेले ते याच वातावरणात, आंध्र विद्यापीठात, रामन यांचे शिष्य सूरी भगवंतम् आणि त्यांचे सहकारी भीमसेनाचार यांच्या हातून. हिऱ्याच्या पट्ट्या कापून वाकवणे शक्यच नव्हते. त्यांनी क्वार्ट्झची एक पाचर वापरली. पाचरीची जाडी एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बदलत जाते, म्हणून तिच्या वेगवेगळ्या भागांतून वेगवेगळ्या वारंवारतेचा, कानाला न ऐकू येणारा आवाज काढता येतो. तो आवाज हिऱ्याच्या पातळ चकतीतून सोडायचा. चकतीच्या जाडीशी मेळ बसणारी वारंवारता आली की आवाज जोरात पार होतो. पलीकडच्या द्रवात त्या लहरींमुळे प्रकाश कसा विखुरतो ते पाहून हा क्षण पकडायचा. जाडी माहीत, वारंवारता माहीत, म्हणून हिऱ्यातला आवाजाचा वेग कळतो आणि वेगावरून आकडे. दुसरे महायुद्ध चालू असताना, जेमतेम साधनांनी, हे काम १९४४ ते १९४६ मध्ये ‘नेचर’ आणि रॉयल सोसायटीच्या ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये छापले गेले.

हिऱ्याची मांडणी अत्यंत सममित असल्याने एकवीसऐवजी तीनच आकडे लागतात. आंध्रच्या मापनात ते आले ९५०, ३९० आणि ४३० गिगापास्कल. १९५७ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेच्या मॅकस्किमिन आणि बाँड यांनी नव्या, नेमक्या पद्धतीने पुन्हा मोजले: १०७६, १२५, ५७६. पहिला आकडा जवळ होता. मधला, म्हणजे एका दिशेने दाबल्यावर आडव्या दिशेने किती जोर येतो तो, तिपटीने चुकला होता. तो आकडा थेट मिळत नाही. दोन मोठ्या मापांतून वजाबाकी करून काढावा लागतो, त्यामुळे मूळच्या मापातली छोटी चूक त्यात फुगून बसते. पहिल्याच प्रयत्नात, जगातल्या सर्वांत ताठ पदार्थावर, पहिला आकडा बारा टक्क्यांच्या आत आणणाऱ्या या माणसांना मी मानतो. आणि पॅरिसवाल्यांच्या अटीचे काय? हिऱ्यात जे दोन आकडे सारखे हवेत ते आहेत १२५ आणि ५७६. कार्बनच्या बंधाला दिशा असते याचा याहून ठसठशीत पुरावा नाही.

भगवंतम् पुढे बंगळूरच्या संस्थेचे संचालक झाले, नंतर संरक्षण मंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार. सममितीमुळे कोणत्या स्फटिकात किती आकडे उरतात हे मोजण्याची गट-सिद्धान्ताची रीत त्यांनी भारतात रुजवली. त्यांच्या गुरूंनी मात्र वेगळीच वाट धरली. १९५५ मध्ये रामन यांनी के. एस. विश्वनाथन यांच्यासह मांडले की २१ हा आकडाच अपुरा आहे. लहरींच्या गणितात ४५ आकडे लागतात, आणि हिऱ्यासारख्या घनाकृती स्फटिकांना तीनऐवजी चार. फ्रान्समध्ये लाव्हाल यांनीही थोडे आधी असेच म्हटले होते. साठच्या दशकातल्या नेमक्या मापनांनी या मताला आधार दिला नाही, आणि ग्रीनचे एकवीस कायम राहिले. रामन इथे चुकले. नोबेल मिळालेला माणूस वयाच्या सासष्टाव्या वर्षी पाठ्यपुस्तकातला ठरलेला आकडा पुन्हा तपासायला घेतो, ही वृत्ती मला त्या चुकीपेक्षा मोठी वाटते.

मापन इथवर आले. गणिताने आकडे काढणे मात्र अजून दूर होते. अणूंमधले बल इलेक्ट्रॉन ठरवतात, आणि इलेक्ट्रॉनांचे समीकरण १९२६ पासून माहीत होते. पण दहापंधरा इलेक्ट्रॉनांपुढे ते सोडवणे कुणाच्याही आवाक्यात नव्हते. १९६४ मध्ये होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी सिद्ध केले की प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा वेगळा माग ठेवायची गरज नाही. कुठे किती दाट गर्दी आहे एवढे कळले तरी ऊर्जा ठरते. पुढच्याच वर्षी कोन आणि शॅम यांनी ती काढायची व्यवहारी पद्धत दिली. कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते यासाठी. १९८३ मध्ये नील्सन आणि मार्टिन यांनी याच पद्धतीतून प्रतिबल थेट काढण्याचे सूत्र दिले, आणि दोन वर्षांत सिलिकॉन, जर्मेनियम, गॅलियम आर्सेनाइड यांचे आकडे प्रयोगशाळेत पाऊल न टाकता हाती आले.

त्याच १९८३ मध्ये मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात गोडवाल, सिक्का आणि चिदंबरम यांनी प्रचंड दाबाखाली पदार्थ किती आकसतो याच्या सिद्धान्तांचा मोठा आढावा ‘फिजिक्स रिपोर्ट्स’मध्ये छापला. स्थितिस्थापकतेचीच ही एक शाखा. त्या पिढीला संगणक मिळवण्यासाठी झगडावे लागले. परदेशी महासंगणक द्यायला अमेरिका खळखळ करत होती, म्हणून पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पुढच्या पिढीत मुंबई आयआयटीत शिकलेले उमेश वाघमारे येल आणि हार्वर्डहून परतून २००० मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात आले. हार्वर्डमध्ये असताना त्यांनी काक्सिरास आणि इतर सहकाऱ्यांबरोबर मॉलिब्डेनम डायसिलिसाइडवर केलेले काम १९९८ मध्ये छापले गेले. हा पदार्थ दोन हजार अंशांपर्यंत वितळत नाही, पण थंडपणी कडकन मोडतो. कोणते मूलद्रव्य थोडे मिसळले तर त्याचा ठिसूळपणा कमी होईल, हे त्यांनी इलेक्ट्रॉनांच्या हिशेबातून शोधले. भट्टी पेटवण्याआधी उत्तराचा अंदाज हाती असणे, हे या साऱ्या खटाटोपाचे फळ. वाघमारे यांना २०१० मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०१५ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

आज हे काम प्रत्यक्ष कसे होते ते सांगतो. स्फटिकाची पुन्हा पुन्हा येणारी सर्वांत लहान पेटी घ्यायची. हिऱ्याच्या पेटीत दोन अणू, क्वार्ट्झच्या पेटीत नऊ. संगणक आधी अणूंना आरामात बसू देतो, सगळी बले जवळजवळ शून्य होईपर्यंत. मग पेटी सहा तऱ्हांनी बिघडवायची, प्रत्येक तऱ्हेत चार वेळा: अर्धा टक्का आणि एक टक्का, दोन्ही बाजूंना. चोवीस बिघडलेल्या पेट्या. प्रत्येकीत अणूंना पुन्हा सावरू द्यायचे, कारण पेटी ताणली की आतले अणू नुसते ताणले जात नाहीत, ते सरकून नवी जागा शोधतात. ही पायरी गाळली तर आकडा खऱ्यापेक्षा ताठ येतो. शेवटी प्रतिबल काढायचे आणि विकृतीशी त्याचे प्रमाण मांडायचे. तक्ता तयार. हाच तक्ता सांगतो की अशी मांडणी टिकेल की नाही: एखाद्या बिघाडाला ऊर्जा लागण्याऐवजी ऊर्जा सुटत असेल तर तो स्फटिक स्वतःहून कोसळेल. ही कसोटीही बॉर्नचीच.

२०११ मध्ये बर्कलीला क्रिस्टिन पर्सन यांच्या पुढाकाराने ‘मटेरियल्स प्रोजेक्ट’ सुरू झाला. २०१५ मध्ये मार्टेन डी योंग आणि सहकाऱ्यांनी वरच्याच पद्धतीने १,१८१ अकार्बनी स्फटिकांचे संपूर्ण तक्ते काढून सर्वांना खुले केले. मोजलेल्या किमतींशी त्यांचा मेळ साधारण पंधरा टक्क्यांच्या आत बसला. त्याआधीच्या सव्वाशे वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून काही शेकडाच स्फटिक पूर्णपणे मोजले होते.

आणि ग्रॅनाइटमधला फेल्डस्पार? तो या सगळ्यांत अवघड निघाला. ग्रॅनाइटमधल्या फेल्डस्पारचे मायक्रोक्लीन आणि अल्बाइट हे दोन्ही प्रकार सममितीत सर्वांत दरिद्री. त्यांचे तिन्ही अक्ष एकमेकांना तिरके, म्हणून पूर्ण एकवीस आकडे लागतात, एकही सुटत नाही. १९६०च्या दशकात रशियात अलेक्सांद्रोव आणि रिझोव्हा यांनी फेल्डस्पार मोजले, पण सोय म्हणून जास्त सममिती गृहीत धरली आणि तेराच आकडे दिले. त्यांच्या नमुन्यांत सूक्ष्म भेगा होत्या, त्यामुळे खनिज खऱ्यापेक्षा मऊ दिसले. भूकंपाच्या लहरींवरून पृथ्वीच्या कवचात काय आहे ते ओळखणारे शास्त्रज्ञ चाळीस वर्षे तेच आकडे वापरत राहिले. कवचात सर्वांत जास्त आहे तो फेल्डस्पारच. अल्बाइटचे एकवीसच्या एकवीस आकडे पहिल्यांदा नीट मोजले गेले २००६ मध्ये, ब्राउन, अब्रामसन आणि एंजल यांच्याकडून. २०१४ मध्ये बर्कलीच्या केर्चर, मिलिट्झर आणि वेंक यांनी याच कुळातल्या फेल्डस्पारचे तक्ते इलेक्ट्रॉनांच्या गणिताने काढले. अल्बाइटच्या सर्वांत लहान पेटीत सव्वीस अणू. अणू वाढले की गणित त्यांच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणून हिऱ्यापेक्षा हे काम कितीतरी जड.

निष्कर्ष विलक्षण आहे. एका दिशेने अल्बाइटचा आकडा सुमारे ७० गिगापास्कल, दुसऱ्या दोन दिशांनी सुमारे १८०. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळ्या त्या एका दिशेला वाकडीतिकडी वळणे घेत जातात. त्या दिशेने जोर आला की बंध आखडत नाहीत, कोन मिटतात. कोशीच्या सरळ रेषेत ओढणाऱ्या अणूंना हे कधीच जमले नसते. दिसायला एकजीव, हाताला टणक वाटणाऱ्या गुलाबी दाण्यात एका बाजूला अडीचपट नरमाई लपलेली आहे. झाशीच्या तटाचा भार अशा असंख्य दाण्यांनी वाटून घेतलेला आहे, प्रत्येकाने आपापल्या दिशेप्रमाणे.

यंत्राने आकडे काढता येतात म्हणून मोजण्याचे दिवस संपले, असे मानणारी मंडळी आता भेटतात. मला ते पटत नाही. पंधरा टक्के चूक बरेचदा चालते, पण भूकंपाच्या लहरीवरून खडक ओळखायचा असेल तर चालत नाही. रशियन आकडे मऊ आहेत ही शंका गणितानेही येते आणि मापनानेही. खात्री दोघांचे जुळल्यावरच होते. हिऱ्याचा मधला आकडा चुकला होता हे १९५७ मध्ये मापनानेच सांगितले, पुढे गणितानेही तेच म्हटले.

भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोसीडिंग्ज’चे जुने अंक आज इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात. रामन-विश्वनाथन यांचा १९५५ चा निबंध त्यात आहे, भगवंतम् आणि भीमसेनाचार यांचे पाचरीच्या पद्धतीवरचे काम आहे. मटेरियल्स प्रोजेक्टचे तक्तेही खुले आहेत. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत बीएस्सीला भौतिकी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: स्थितिस्थापकतेचा धडा तारेच्या प्रयोगावर संपवू नका. मुलांपुढे हिऱ्याच्या तीन आकड्यांचे दोन्ही संच ठेवा, आंध्रचा आणि बेल प्रयोगशाळेचा, आणि फरक कुठून आला ते त्यांना शोधू द्या.